लाल शर्ट

नेब्रास्कात, खांद्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या आर्डिथबाईंच्या हातातल्या मासिकाचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं. समोर मायलेक बोलत होते. मुलाच्या जाकिटावर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव होतं.

"डॉल्टन, आज सामना खेळायच्या परवानगीवर सही नाही दिली डॉक्टरांनी, तर?"

"तर मंगळवारी परत येईन. शेवटचं वर्ष आहे आई. क्वार्टरबॅक म्हणून कॉलेजात आलो, क्वार्टरबॅक म्हणूनच बाहेर पडणार."

"खेळतोयस की रोज, लाल शर्ट घालून."

"तो सराव! लाल शर्टवाल्याला पाडायचं नाही, असा नियमच आहे. ऑपरेशनपासून आठ महिन्यांत मला एकानंही पाडलेलं नाही. परवा तर एक धिप्पाड पोरगा अंगावर धावून आला आणि चक्क 'सॉरी' म्हणून बाजूनं गेला."

"गुणी दिसतोय. जेवायला बोलाव त्याला."

"शनिवारच्या सामन्यात सॉरी कुणी म्हणणार नाही."

"म्हणूनच विचारते. भीती नाही वाटत?"

"वाटते ना. एकदा पडून उठलो, की जाईल."

"डॉल्टन वर्ब्का! आत या," नर्सनं दारातून हाक मारली.

"थांब रे. सही मिळाली, तर तुझा एक लाल शर्ट घरी आण."

"तुला कशाला?"

"शनिवारी घालून बसेन. तू उठेपर्यंत मला कुणी हात लावायचा नाही."