सागवानी फळी

अरे, चहा ठेवा बाजूला, आधी हे ऐका! आमच्या देवासच्या तायक्वांदो क्लासमध्ये माझी बेल्टची परीक्षा होती. लाथेनं फळी तोडायची आणि फळी घरूनच न्यायची. मी यांना म्हटलं, "येताना एक फळी आणा."

हे कारखान्यात माल तपासतात. हलकी वस्तू घरात येऊच देत नाहीत.

परीक्षेला सगळी पोरं माझ्या निम्म्या वयाची. "आंटी! आंटी!" असा नुसता गोंगाट! मी ओरडून लाथ हाणली. ठण्ण! फळी जशीच्या तशी. पुन्हा हाणली, पुन्हा हाणली. फळी धरणारे सरच भिंतीला टेकले! त्यांनी फळी वाजवून पाहिली. "भाभीजी, ये तो सागवान है! तोड़ने के लिए तो पाइन लाते हैं!"

मागून हे अभिमानानं म्हणाले, "एक नंबर माल है भिया! सात पुश्त नहीं टूटेगी!"

सरांनी त्यांच्याकडची पाइनची फळी धरली. मी हाणली आणि कडाड्! दोन तुकडे! पोरांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

सासूबाईंनी त्या सागवानी फळीचा पाट करून घेतला. मी म्हटलं, "आई, गौरी बसवायला छान होईल."

"छे! लाथा लागलेलं लाकूड देवाला चालत नाही," असं म्हणून त्यांनी पाट यांच्यापुढे सरकवला. "तू बस रे यावर. हिच्या लाथा खाऊन शाबूत राहिलेले घरात तुम्ही दोघंच!"