शकुनाचं हसू

नवीन पनवेलला मुलांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी आई-लेक बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवरचा पोरगा सारखा खदखदून हसत होता.

“आई, हे हसणं आजारातलं आहे. मेंदूतली नको झालेली प्रथिनं हेरणारं एन्झाइमच याच्यात बनत नाही.”

“काय सांगतेस, प्राची! गावातल्या पोटुशा बाया शकुनाचा म्हणून याला मांडीवर घेतात!”

“त्या एन्झाइमचा जीन मेंदूत फक्त आईकडून आलेलाच चालतो. माझ्याकडून बिघडलेला गेला.”

“तू तर धडधाकट हायस!”

“मला तो बाबांकडून आला. बापाकडचा तिथं गप्पच असतो.”

“म्हंजे तुझ्या बहिणीकडं, दिपाकडंबी आसंल?”

“असू शकतो. मग तिच्या बाळालाही...”

“अगो बाय! परवा तिचं डोहाळजेवण हाय. मांडीवर पयला हाच पायजे म्हणून हट्ट धरून बसलीय.”