पाचवी शक्ती आन कोयनेचं पावनं

…आन वर मलाच बोल लावत्यात, की नाथामामानं सोयरीक मोडत आनलीती. आता तुमीच सांगा मंडळी, ह्यात माजं काय चुकलं?

माज्या भनीचा, रंगूबाईचा पोरगा मानसिंग. तासगावचा गडी, पर नोकरीला फ्रान्सात, कसल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत. सुट्टी काढून आला, आमी तिघं कोयनानगरला पोरगी बघाय गेलो. घाटात यष्टी वळनं घेतीया आन रंगूबाई माज्या कानाशी, "दादा, हात जोडते, तितं गप बसा. दोन ठिकानांनी न्हाई म्हनलंय, पोरगं पस्तिशीला टेकलंय." म्हनलं, बरं बाय.

पोहं झालं. पोरीचा बाप आकाराम, धरनावर कामाला, साधा मानूस. इचारतोय, "पावनं, काम कसलं म्हनायचं?" झालं… मानसिंग लागला सांगाय. म्हनं दगडात, ज्वारीच्या दान्यात, तुमच्या-आमच्यात बारीक कन असत्यात, न्यूट्रॉन. त्येस्नी ही लोकं इतकं गारठिवत्यात, इतकं हळू करत्यात, की पळत्या मानसानं गाठावं. मग कोंडायचं बाटलीत. "आन मग?" "मग बघत बसायचं. जगात चार शक्त्या ठावं हायत. कन जरा वाकडा वागला, तर पाचवी आसंल."

आकाराम नुस्ता बघतोय. मला दया आली हो. म्हनलं, "आवं पावनं, सोपं हाय. गरीब बैल, नीट चाललाय, मधीच मान वाकडी करतोय. म्हंजी दोरी कुनीतरी वडतंय, व्हय का न्हाई? त्यो वडनारा कोन, ह्ये आमचा मानसिंग हुडकतोय." आकारामाच्या तोंडावर उजेड पडला. हितं थांबाय पायजे हुतं, ह्ये मला बी कळतं, पर जीभ हाय नव्हं… म्हनलं, "घावली की पयली कोयनेलाच आननार. धरनाच्या विजंला जोड नगं व्हय?"

गंमत केली हो! त्येनं कपबशी खाली ठिवली. सदुसष्ट साली भुई हलली, धरनापायीच म्हनत्यात, तवा त्येचं भिताड पडून म्हस गेलीती, मला काय ठावं? म्हनतोय, "हायत त्या चार शक्त्याच आमाला झेपंनात. पाचवी नगं. पोरगी न्हाई देत." रंगूबाई माज्याकडं अशी बघतीया… ह्यात माजं काय चुकलं?

तवर दाराआडनं पोरगी, बनू, म्हनली, "आन दोरी वडनारं कुनी नसलंच तर?"

मानसिंगनं पयल्यांदा मान वर केली. "तर घावली न्हाई म्हनून लिवायचं. आतापातूर त्येच लिवलंय."

"किती वर्सं?"

"पाच."

"आन कट्टाळा न्हाई आला?"

"न्हाई."

पोरगी हसली. बापाला म्हनली, "आप्पा, मानूस चिवट हाय. आन घावल्याबिगर घावलं म्हनत न्हाई."

आकारामानं लय इचार केला. "बरं, देतो. पर पावनं, ती शक्ती घावू द्यायची न्हाई." मानसिंग म्हनतोय, "ते माज्या हातात न्हाई." खरं बोलाय काय ह्योच मुहूर्त हुता? पर झालं लगीन, गेली दोगं फ्रान्सात.

आता एका ऐतवारी रंगूबाई म्हसवडला सिद्धनाथाम्होरं नारळ फोडती, "माज्या पोराला शक्ती घावू दे." दुसऱ्या ऐतवारी त्याच देवाम्होरं आकाराम, "जावयाला घावू नगं." देवानं कुनाचं ऐकावं? मानसिंगचं पत्र येतंय, "अजून न्हाई." आन दोगंबी खोबरं धाडत्यात माज्याकडं, आकाराम तर यष्टीच्या कंडक्टरासंगं. म्हंजी म्हैन्याला चार वाट्या खोबरं… आन माज्या तोंडात दात किती, तर एक.