पेटीची चावी पुण्यात

मी सविता बजरंग काष्टे, वय ३६ वर्षे, व्यवसाय शेती व शिवणकाम, रा. वालूर, ता. सेलू, जि. परभणी. समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी पती बजरंग व सासू पार्वतीबाई यांच्यासह वरील ठिकाणी राहते. दीर योगीराज पुण्यात कंपनीत नोकरीस आहेत. विहीर व मोटार दोघा भावांच्या सामाईकात आहे. योगीराज वर्षातून दोनदा गावी येतात. मोटार मात्र तेच चालवतात, मोबाईलवरून. सध्या शेतात कोणते पीक आहे, हे त्यांना विचारून घ्यावे.

सुरुवातीला मोटारीच्या खोलीत एक छोटा डबा बसवला होता. मोबाईलवरून हुकूम आला तरी डबा आधी विहिरीतले पाणी व विजेचा दाब बघे, मगच मोटार लावी. बसवणारे मेकॅनिक महारुद्र यांनी सांगितले होते की, सगळी माहिती दूरच्या क्लाऊडमध्ये, म्हणजे ढगात पाठवून वाट बघण्यापेक्षा हा डबा जमिनीलगतच निर्णय घेतो, म्हणून याला फॉग, म्हणजे धुके म्हणतात.

उन्हाळ्यात विहीर आटली. योगीराज पुण्यातून बटण दाबत, डबा मोटार लावत नसे. योगीराज यांना तो अपमान वाटला. दिवाळीला आल्यावर, "माझी मोटार लावायला मी ह्या डब्याला विचारू का?" असे म्हणून त्यांनी डबा काढून मोबाईलचा हुकूम थेट मोटारीला जोडायला लावला. त्या वेळी महारुद्र माझ्यासमोर त्यांना म्हणाले, "साहेब, रेंज गेली की तुमचा हुकूम वर ढगात अडकून बसतोय. रेंज आली की खाली येतोय. असला शिळा हुकूम हा डबा फेकून देतोय. डबा काढल्यावर कोण फेकणार?" त्यावर योगीराज हसले. त्याच दिवशी त्यांनी फ्यूजच्या पेटीला कुलूप लावून चावी पुण्याला नेली. बजरंग मनाला येईल तेव्हा पाणी सोडतो, असे त्यांचे म्हणणे होते.

पूर्वी मोटारीचे काम काढले की माझे पती आधी तिन्ही फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात ठेवत. कुलूप लागल्यापासून ते बंद झाले.

मंगळवारी सकाळी योगीराज यांचा फोन आला. बटण दाबले तरी मोटार चालू होत नाही, जाऊन बघा, असे ते म्हणाले. पतीने चावीचे विचारले. ते म्हणाले, "चावी कशाला, दादा? बंदच हाय की ती."

पती व मी शेतात गेलो. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती पाणी गळू नये म्हणून घातलेली दोरी झिजली होती, ती पती बदलत होते. शेतात सकाळपासून रेंज नव्हती; दुपारी ती आली व मोटार एकदम सुरू झाली. हातातली चिंधी दांड्याला गुंडाळली जाऊन उजवा हात आत ओढला गेला. मी पेटीकडे धावले. कुलूप दगडाने तुटले नाही. मी योगीराज यांना फोन करून मोटार बंद करा म्हटले. ते म्हणाले, "वहिनी, माझ्याकडं बंदच दाखवायलंय." शेजारचे आबासाहेब यांनी डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, खटका पाडला. परभणीच्या दवाखान्यात पतीच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटे काढली.

काल योगीराज यांनी ठाण्यात येऊन सांगितले की, वहिनींनीच मोटारीचे बटण दाबले असावे. बटण पेटीच्या आत आहे. जमादारांनी पेटी उघडायची म्हटल्यावर योगीराज यांनी चावी स्वतःच्या खिशातून काढून दिली. तेव्हापासून ते चूक मशीनची आहे म्हणतात. सासूबाई मला म्हणाल्या, "दोगंबी माज्या पोटचे हायत. चूक मशिनीवर लिवून दे."

माझी तक्रार योगीराज काष्टे यांच्याविरुद्ध आहे. डब्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

लिहिलेला जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "यांत्रिक बिघाडामुळे" असे शब्द आले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले असून खोडलेल्या जागी मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व खरा आहे. माझे पती आजवर सही करत आले. त्यांच्या जबाबावर अंगठा घ्यावा लागेल.