दुसऱ्याने चाखल्याशिवाय

— आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही, तेच तर सांगतेय. पावाच्या दुकानात रांगेत उभी होते, पुढे ती दोन पोरं, कोपऱ्यावरच्या संगणकाच्या कचेरीतली, गळ्यात ओळखपत्रं अडकवून हिंडतात ती. एक दुसऱ्याला म्हणाला, "त्या कालिनाने म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं काम उचलून फेकून दिलं, आणि म्हाताऱ्याला तर—" आणि नेमकी तेव्हाच दुकानदारीण मला विचारते, झिव्का, पाव काळा देऊ की पांढरा. आता म्हाताऱ्याला तर काय? पोरं गेली निघून, आणि मी पांढरा पाव घेऊन घरी आले, मला हवा होता काळा. बसा ना तुम्ही. ती टोपली सरकवा बाकावरची, मिरच्याच आहेत, चावत नाहीत. तुम्ही नको म्हणू? बरं, तू. वर जाऊन उपयोग नाही, कालिना घरी नाही, आमच्या मिन्काकडे गेलीय गावी. येईल दुपारपर्यंत. आणि आली तरी मी तुला सरळ वर सोडीनच असं काही नाही — हसू नकोस, या जिन्याचं दार माझ्या स्वयंपाकघरासमोर आहे, प्लोव्हदिव्हच्या नगराध्यक्षालाही माझ्यासमोरूनच जावं लागेल.

तू वार्नाहून आलास ना? ओग्न्यान. अरे, मला कसं माहीत म्हणजे? भिंती बघ आमच्या, पुठ्ठ्याच्या. कालिना फोनवर बोलते आणि मी लसूण सोलते, दोन्ही कामं एकदम होतात. ओग्न्यान असं म्हणाला, ओग्न्यान तसं म्हणाला, ओग्न्यान म्हणतो मी चोरटी आहे. हे शेवटचं तू खरंच लिहिलंस का रे, सगळ्या जगाला वाचता येईल अशा ठिकाणी? चोरटी नाही म्हणालास? "मागच्या दाराने घुसवलं" म्हणालास. मग त्याला आणि काय म्हणतात?

मला त्यातलं काही कळत नाही असं तुला वाटतंय. नाहीच कळत, मी आठवीनंतर कॅनिंगच्या कारखान्यात लागले. पण ही मिरची मला कळते. दर सप्टेंबरात आम्ही सगळ्याजणी इथे अंगणात एकच मोठी कढई लावतो, ल्युतेनित्साची, मिरचीच्या चटणीची, सगळ्या इमारतीची मिळून. कुणीही यावं, आपल्या भाजलेल्या मिरच्या, टोमॅटो, वांगी वाटून आणावीत. पण कढईत ओतायच्या आधी दुसऱ्या बाईने चाखायची. आपलं आपणच चाखून ओतायचं नाही, मग ती कितीही सुगरण असो. का? तर एकीच्या पातेल्यात कडू निघालं, तर सगळ्यांच्या बरण्या कडू. तुमचंही तसंच ना? कालिनाने मला असंच समजावलं. ज्याने त्याने आपापल्या घरी हवं ते शिजवावं, पण जिच्यातून सगळ्यांना वाढलं जातं त्या मुख्य कढईत — शाखा म्हणता तुम्ही, शाखा तर शाखा — तिच्यात ओतायचं तर दुसऱ्याने चाखून हो म्हटलं पाहिजे. आता मला सांग, तिच्या पातेल्यातलं चाखायला तुमच्यापैकी आलं कोण? जुनं काढून सगळं नव्याने लिहिलं तिने, आणि दोन वर्षं ती पोरगी पातेलं धरून दारात उभी. एक म्हणतो वेळ नाही, दुसरा म्हणतो फार मोठं आहे, तुकडे करून आण. आणि तू म्हणालास, जुनं चालतंय की.

चालतंय? कुणाचं चालतंय? मिन्का माझी नणंद. दोन्ही डोळ्यांनी आंधळी, जन्मापासून. तुमच्या त्या म्हाताऱ्याने, आमच्या वरच्या ल्युबेनकाकांनी, हे जे बनवलं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं, आपल्या बल्गेरियन बोलीत, ते तिच्यासारख्यांसाठीच ना? आणि फुकट, ज्याला हवं त्याने घ्यावं, ज्याला जमेल त्याने सुधारावं. मिन्का त्याच्यावर पत्रं लिहायची, भावाशी भांडायची, हवामान ऐकायची आणि मला फोन करून सांगायची की दोरीवरचे कपडे काढ. मग तिचा जुना संगणक मेला. पुतण्याने नवा आणला, आणि त्या नव्यावर हे तुमचं चालणारं अवाक्षर बोलेना. सगळा हिवाळा ती त्या मुक्या डब्यासमोर बसून होती. मला म्हणाली, झिव्का, आता मी खरी आंधळी झाले. तेव्हा कुठे होतास तू? वार्नाला. समुद्र बघत.

नाही, चिडले नाही मी. हे घे, पावावर लावून खा, गरम आहे. खा म्हणते ना. भांडायलाही पोटात काहीतरी लागतं.

तुझंही काढून टाकलं तिने, नाही का? जुन्यातलं तुझं काम. तेच खुपतंय तुला. अरे, खुपणारच, मी दोष देत नाही. माझ्या सासूने माझा पहिला पडदा उतरवून दुसरा लावला तेव्हा मी आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. पण पडदा तिचा बरा होता, काय करणार.

ऐक आता, मागच्या दाराने नाही गेलं ते. इथून गेलं, या अंगणातून, भर सकाळी, तू बसलायस त्याच बाकावरून. मिरच्यांचा शनिवार होता. त्या दिवशी या इमारतीत शहाणा माणूस साधी इस्त्रीसुद्धा लावत नाही, आणि कालिनाने नेमका तोच दिवस धरला. दुसऱ्या मजल्यावर एक विजेची भट्टी चालू होती, चौथ्यावर एक, आणि मी — लावली मीही. फट्कन सगळा जिना अंधारात. वर त्यांचं इंटरनेट गेलं. मग आले दोघं खाली, ती आणि ल्युबेनकाका, संगणक काखेत मारून, तिच्या फोनवरून जोडू म्हणत. आणि चुलीवर भाजलेल्या मिरच्या पडल्या होत्या, म्हणून मी काकांच्या हातात त्याच दिल्या, म्हटलं, जोडणी होईस्तोवर साली काढा. काढल्या त्यांनी. मग मांडीवर संगणक घेतला आणि वाचायला लागले. घाईने नाही, नाकाशी चष्मा धरून. आधीचं सगळं दोघांनी मिळून वाचलंच होतं, उन्हाळाभर, रोज दुपारी, मला खाली ऐकू यायचं, तीच ओळ पुन्हा, तीच ओळ पुन्हा, कारण हल्ली त्यांना — ते असो. शेवटचं पान राहिलं होतं. एका बाजूला जुनं, एका बाजूला नवं. जुन्यावर बोट ठेवून काका म्हणाले, "हे कुणी लिहिलंय? गबाळं आहे."

कालिनाचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "तुम्हीच, काका."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग हसले, इतके हसले की चष्मा पडला मिरच्यांत. म्हणाले, "मग तर काढायलाच हवं. दुसऱ्या कुणाचं असतं तर भीड पडली असती." आणि होकाराचं बटण दाबलं. त्यांनी दाबलं, तिने नाही, ती हात मागे बांधून उभी होती, कढईपाशी बाई उभी राहते तशी. काकांच्या बोटाला मिरचीची काजळी होती, ती उमटलीय त्या बटणावर. कालिना पुसत नाही. आली की बघ स्वतः.

तर आता तू सांग. त्या पोराचं अर्धं राहिलेलं बोलणं. तुला माहीत असणार, तुमच्यातलंच ते. म्हाताऱ्याला तर काय?

…

असं म्हणतात होय.

आपण काय दाबतोय ते त्याला कळलंसुद्धा नाही. असं.

तोंड वळवू नकोस, मी रडत नाहीय, धूर आहे. पुसायचं फडकं दे ते. हे बघ, निम्मं खरं आहे. विसरतात ते. वसंतापासून. कालिनाने मला शपथ घातली होती की जिन्याबाहेर ही गोष्ट जाऊ द्यायची नाही, आणि मी तुला, वार्नाच्या माणसाला, मिरच्या सोलता सोलता सांगून बसले. झालं ते झालं. विसरतात. काल सकाळी मला विचारलं, ही रोज येऊन वाचून दाखवते ती मुलगी कोण? आणि तरी ती पुन्हा दुपारी गेलीच. पण त्या शनिवारी नव्हते विसरले. मी समोर होते. आपलंच काम परक्याचं समजून वाईट म्हणाले असतील, असतील म्हणते मी, पण आपलं आहे असं कळल्यावरही वाईटच म्हणाले. हे दुसरं लक्षात ठेव. तुझ्याकडून झालं असतं का ते?

फोन काढलास? काढ. लिही जगाला, बोलव मतं, म्हणावं ओतलेलं परत काढा. कढईतून परत काढतात कसं तेही सांग त्यांना. मिन्काचा संगणक आज तिकडे बोलायला लागला असेल, तिला कळव मग तूच, की पुन्हा मुका होणार. तिचा नंबर देते.

नाही? ठेवतोस खिशात? मग जा. नाही, वाट नाही बघायची कालिनाची, तिचं तुझं नंतर. आधी वर काकांकडे जा, तिसरा मजला, डावीकडचं दार. लहानपणी उन्हाळे काढलेस त्यांच्याकडे, त्यांनीच शिकवलं तुला, नाही का. ही बरणी ने. बेल वाजणार नाही, माझ्या भट्टीने जिन्याची वीज पुन्हा घालवलीय, दार ठोठाव. आणि ओळखलंत का असं विचारू नकोस त्यांना. आत गेल्या गेल्या आपलं नाव सांग.