मूठ कुणाची?

उझबेकिस्तानातल्या रिश्तान या कुंभारांच्या गावात, दवाखान्यात मुहय्यो डोळे तपासून घ्यायला आली होती. तिचे वडील कुंभार होते. नवरोजच्या आधी ते गेले, तेव्हापासून त्यांची भट्टी बंद होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारे कुंभार आणि त्यांची बायको बसली होती.

“अहो, आज तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन. आता तरी नीट सांगा, भांड्यांच्या झिलईत राख किती?”

“आपल्या ओयदिनला सांगितलंय. पातेलंभर वाळूला तीन मुठी.”

“तीनच घातल्या पोरीने. दोन भट्ट्या वाया गेल्या. ताटल्या खरखरीत, निळा रंग उठलाच नाही.”

“मग हात चुकला असेल.”

“हात नाही चुकला. मूठ कुणाची?”

“मूठ म्हणजे मूठ.”

“तुमची मूठ म्हणजे फावडं. तिची केवढीशी. चार वर्षं तुमच्या हाताखाली शिकतेय, सुचलं नाही हे?”

“तिने विचारलं नाही.”

“खेकसता, मग कोण विचारेल? पोरी, जरा हात दे गं. तू आमच्या ओयदिनएवढीच आहेस.”

म्हाताऱ्यांनी खिशातून सूर्यफुलाच्या बियांची मूठ काढून मुहय्योच्या हातात रिकामी केली. तिने मूठ मिटली. उरलेल्या बिया मांडीवर सांडल्या, त्या तिने दुसऱ्या मुठीत घेतल्या; ती अर्धीच भरली.

“त्यांची एक म्हणजे माझ्या दीड,” ती म्हणाली.

“ऐकलंत? तुमच्या तीन मुठींच्या तिच्या साडेचार झाल्या.”

“बरं, लिहून घे.”

“मी नाही. फोन लावा, तुमच्या तोंडाने सांगा.”

म्हाताऱ्यांनी फोन लावला.

“ओयदिन, साडेचार. तुझ्या मुठीने. माझ्या नव्हे.”

मुहय्योची मूठ अजून मिटलेलीच होती; वडिलांची मूठ केवढी होती, ते ती आठवत होती.