गार होईपर्यंत आरगन

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो. जो कुणात मिसळत नाही, कुणाशी जुळत नाही, तो दुसऱ्यांना जोडायच्या कामी येईल का? — पुढच्या रांगेत माना हलल्या, ‘नाही’ म्हणून. थांबा जरा!

आरगन नावाचा वायू आहे. कुठं? अहो, याच मांडवात! श्वासाबरोबर आत जातो, तसाच बाहेर येतो. रंग नाही, वास नाही, जळणं नाही. ग्रीक भाषेतून नाव दिलंय, अर्थ काय — आळशी! पण मागणी बघा. बल्बमध्ये भरतात, तार जळू नये म्हणून. थंड मुलखात खिडकीच्या दोन काचांमध्ये भरतात, ऊब जाऊ नये म्हणून. आणि स्टीलला स्टील जोडायचं तर त्याच्याशिवाय पान हलत नाही.

कुपवाडला निवृत्ती पांचाळ दुधाच्या स्टीलच्या टाक्या करायचे. हात सोन्याचा, तोंडाचं मात्र विचारू नका! त्यांची लेक रेवती माहेरी येऊन बसलेली. ती शाळेत शिकवायची. नवरा जयवंत तिला न विचारता शाळेत सांगून आला, ‘ती आता येणार नाही.’ चुकलंच त्याचं. तो माफी मागायला आला, रेवती जरा विरघळली, आणि तेवढ्यात सासरेबुवा म्हणाले, “मी लग्नातच म्हणालो होतो, मुलगा हट्टी आहे.” झालं! जावई ताटावरून उठला. लेक खोलीत गेली, ती दोन दिवस बापाशी बोलली नाही. निवृत्तीरावांना घास जाईना. आपण लेकीचा संसार मोडला, हेच मनात.

कारखान्यात टाकीचा सांधा चालू होता. त्यांची बायको कौसल्याबाई चहा घेऊन आल्या. ठिणगी विझली, तरी निवृत्तीरावांनी वेल्डिंगची टॉर्च तिथंच धरलेली.

“झालं ना? मग हात काढा की.”

“सांधा अजून लाल आहे. आरगन वरून वाहत राहिला पाहिजे. आत्ता बाहेरची हवा लागली तर काळा पडेल, पुढं तिथंच गंज धरेल.”

“म्हणजे आरगन सांध्यात शिरतो?”

“छे! शिरत नाही, काही करत नाही. नुसता हवा अडवतो, गार होईपर्यंत.”

कौसल्याबाईंनी कप खाली ठेवला. “मग जावयाच्या वेळी एवढं का नाही जमलं तुम्हाला?”

निवृत्तीरावांनी मान खाली घातली.

बाईंनी फोन केला, जयवंत पुन्हा आला. रेवतीनं तोंडावर विचारलं, “माझं काम तुम्हाला काम वाटत नाही का?”

“वाटतं. आई आजारी, घरी कोण बघणार म्हणून मी घाबरलो. तुला विचारायचा धीर झाला नाही. उद्या मीच हेडमास्तरांपुढं उभा राहतो.”

निवृत्तीरावांच्या जिभेवर दहा वाक्यं नाचत होती! एवढ्यात दारात शेजारचे काका — “आला का जावई? दोन शब्द सुनावू का?” निवृत्तीराव उठले, दारात आडवे उभे राहिले. “काका, नंतर या.” काका गेले, तरी हे उंबऱ्यातच उभे. आत दोघं बोलत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा बोलत होती. निवृत्तीरावांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं रेवती पिशवी घेऊन आली. “बाबा, निघते यांच्याबरोबर. सोमवारी शाळा आहे.”

“नीट जा,” एवढंच म्हणाले. गाडी वळणाआड गेल्यावर पायरीवर बसून ढसाढसा रडला तो माणूस.

मंडळी, देव तरी दुसरं काय करतो? जवळ उभा असतो, मध्ये बोलत नाही. आणि आपण? भांडण मिटलं रे मिटलं की लगेच — “तरी मी सांगत होते!” हसताय काय आत्याबाई? तुमच्या घरी कालच समेट झालाय, गावाला ठाऊक आहे. आज घरी जाऊन बोला हवापाण्याचं, भाजीचं. आणि जे वाक्य आत्ता तुमच्या ओठावर आलंय ना — ते इथंच, देवाच्या पायाशी ठेवून जा.